कोल्हापूरचा रकाना

ढलाई उद्योजकांच्या एका संघटनेची दोन दिवसांची परिषद कोणत्या शहरात भरवावी, याची शिफारस करण्याचे काम आमच्या पुण्यातील छोट्या संस्थेकडे आले होते. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर अशी तीन नावे होती. बाहेरगावचे प्रतिनिधी साडेतीनशे, म्हणजे दोघांत एक खोली धरली तरी पावणेदोनशे खोल्या हव्या होत्या. नाशिक पहिल्याच बैठकीत गळाले, कारण मुंबईकर सदस्य संध्याकाळी गाड्या काढून घरी परततील, अशी समितीला रास्त भीती होती.

आम्ही आधी दरपत्रके मागवतो, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात आधी पंचांग उघडतो. तुळशीचे लग्न लागले की अशा शहरांतील प्रत्येक मोठे सभागृह वऱ्हाडाचे होते, आणि मुहूर्ताच्या तारखेसाठी वधूपित्याशी झुंजून जिंकलेली संघटना मी अजून पाहिलेली नाही. कोल्हापूरसाठी पावसाळाही बाद होता, कारण 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पुराच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता.

कोल्हापूरच्या रेकीचा दिवस मात्र डोक्यातून जात नाही. सकाळी एका हॉटेलच्या व्यवस्थापकांनी ‘पाचशे माणसे आरामात’ असे सांगितलेले सभागृह मी टेप लावून मोजले. ते 4,200 चौरस फूट भरले. खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी सहा ते आठ चौरस फूट पुरतात, पण गोल टेबलांना दहा ते बारा लागतात. व्यासपीठ आणि वाट वगळल्यावर तिथे तीनशेही बसेनात, शिवाय मधल्या चार खांबांआड पडदा दिसेना. हे आकडे कुठून येतात, हे विचारणे मी आता सोडले आहे. संध्याकाळपर्यंत शहरभर फिरून खात्रीच्या खोल्या 112 झाल्या.

शेवटची भेट गोकुळ शिरगावच्या वसाहतीतील एका जुन्या कारखानदारांची होती. माझा तक्ता पाहून ते म्हणाले, “मॅडम, खोल्यांचं काय घेऊन बसलाय? साठ-सत्तर घरं मी सांगतो. प्रत्येकानं दोन पाहुणे न्यायचे. सकाळी आपापली भट्टी दाखवायची आणि मग सभेला आणून सोडायचं.” मी हसून आभार मानले. कोणाच्या घरी गरम पाणी नाही आले, तर तक्रार कोणाकडे करायची, एवढेच माझ्या मनात आले.

मी संभाजीनगरची शिफारस केली. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांमुळे तिथे हॉटेले आहेत, विमानतळ शहरालगत आहे आणि समितीने अर्ध्या तासात मान डोलावली. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, म्हणून मी मुद्दाम गुरुवार-शुक्रवार निवडले. त्याच हुशारीपायी शुक्रवारी दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि वक्ते पहिल्या दोन रांगांशी बोलत होते. समितीने मला प्रशस्तिपत्र दिले, कारण तक्रार एकही आली नव्हती.

तो तक्ता अजून माझ्या संगणकात आहे. कोल्हापूरसमोर खोल्यांच्या रकान्यात 112 लिहिलेले आहे. ती साठ-सत्तर घरे मी शेऱ्याच्या रकान्यातही लिहिली नव्हती.