हात लावला की खेळायचं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लोकलमध्ये शेजारची विचारते, ऑफिसात डबा खाताना विचारतात, परवा भाच्यानंही विचारलं: "एवढा किचकट गेम तू मोबाइलवर, बोटानं कसा खेळतेस? घरी कॉम्प्युटर आहे ना?"

माझं ठरलेलं उत्तर आहे, वेळ नसतो. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास, तेवढाच काय तो माझा. उत्तर खोटं नाही, पण खरंही नाही.

गैरसोय मला मान्य आहे. मी खेळते तो युनसिव्ह, म्हणजे सिव्हिलायझेशन ५ या राज्य उभारायच्या, टर्न घेत खेळायच्या गेमसारखाच, फुकट मिळणारा. षटकोनी घरांचा नकाशा, आणि ज्या घराकडे बघायचं तेच नेमकं बोटाखाली झाकतं. माऊसला निवडायला डावं बटण, हलवायला उजवं. इथे दोन्ही कामं एका अंगठ्याची. म्हणून तर सैनिक हलवायचा तर दोनदा टॅप करावं लागतं. मी शहाणीनं एका टॅपचा पर्याय चालू करून ठेवला, आणि दिवा स्टेशनात गाडी हिसका देऊन थांबली तेव्हा नवं शहर वसवायला निघालेला माझा सेटलर थेट रानटी टोळीच्या शेजारी जाऊन उभा. पुढच्या टर्नला त्यांनी पळवला. तक्रार कुणाकडे करणार? माझं माहेर सांगलीचं. तिथे बुद्धिबळात पहिलं हेच शिकवतात: हात लावला की तेच मोहरं खेळायचं.

आता खरं कारण.

मुलाच्या अकरावीला कॉम्प्युटर घेतला, हॉलमध्ये ठेवला. युनसिव्ह त्याच्यावरही चालतो. मी डाव तिकडे नेला आणि तीन रविवार एका वेढ्याची तयारी केली. चार ट्रेबुशे, म्हणजे तटावर दगड फेकायची यंत्रं, आणले. ते आल्या आल्या मारा करत नाहीत, आधी मांडावे लागतात, त्यात चाल जाते. ते शहर मला धडधाकट हवं होतं, त्याच्याजवळ रेशीम होतं. चौथ्या रविवारी शेवटचा ट्रेबुशे जागेवर नेत होते, तर मुलाचे दोन मित्र येऊन मागे उभे राहिले. "काकू, डायरेक्ट घुसा ना." मी हसले. मग मुलगा म्हणाला, "आई, ऊठ जरा, दाखवतो," आणि माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला. रागानं नव्हे हो, अगदी प्रेमानं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून पिशवी घ्यावी तसा.

मी पोहे भिजवायला गेले. अर्ध्या तासात आरडाओरडा झाला, जिंकले! तीन तलवारवाले गमावून जिंकले. शहराचं काय करायचं असं गेम विचारतो, तिथे त्यानं 'जाळा' दाबलं होतं. जाळणं थांबवता येतं. लोकसंख्या दर टर्नला एकेक कमी होते, शून्य होईपर्यंत मुभा असते. मला हे माहीत होतं. मी ताटल्या दिल्या, लिंबू चिरलं, आणि तो डाव पुन्हा उघडला नाही.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं? हेच मीही स्वतःला चार वर्षं सांगत आले. पोरगं होतं, खेळच तर होता, आणि जिंकलाच की तो. पण फोन कसा, हातात मावतो. लोकलमध्ये बघणाऱ्याला वाटतं बाई व्हॉट्सअ‍ॅप वाचतेय. सेटलर गेला तर माझ्या अंगठ्यानं गेला. वीस टर्न थांबायचं ठरवलं तर कुणी "घुसा ना" म्हणत नाही.

हेही पुरतं पटण्यासारखं नाही, मला कळतं. मुलगा आता पुण्यात हॉस्टेलवर. कॉम्प्युटर चादरीखाली. तो फोनवर म्हणतो, "मोठ्या स्क्रीनवर खेळ गं, डोळे जातील तुझे. पासवर्ड तुझीच जन्मतारीख आहे." चाळिशीचा नंबर खरंच वाढलाय. आणि आता माऊस काढून घेणारं घरात आहे तरी कोण?

काल रात्री चादर काढली. चालू केला. कसलंसं अपडेट सुरू झालं, टक्के हलेनात. ते होईस्तोवर सोफ्यावर बसले आणि फोनवर बारा टर्न झाले.