पत्राशिवाय गाडीत बसू नये : विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरचा वाचक

कोणत्याही संस्थेशी संलग्न नसलेल्या अभ्यासकाने संकेतस्थळावरील 'बाहेरील वाचकांना प्रवेश' या ओळीवर आणि दूरध्वनीवरच्या 'या, होईल काम' या आश्वासनावर विसंबून सोलापुराहून रात्रीची गाडी मुळीच पकडू नये. मला आपल्या सोलापूरच्या गिरण्यांतील कामगारांच्या वेतनावरचा एक जुना टंकलिखित प्रबंध परगावच्या विद्यापीठात पाहायचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर नवे प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर येऊ लागले. त्याआधीचे कितीतरी अजून बांधीव प्रतींच्या रूपात कपाटांतच आहेत, त्यामुळे जाणे भाग होते. मात्र १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर किंवा त्या प्रकारची साधने हवी असतील, तर ती घरबसल्या वाचता येतात. त्यासाठी भाडे खर्चू नये.

सर्वांत वाईट टप्पा फाटकापासून प्रबंध विभागाच्या टेबलापर्यंतचा आहे. सोलापुरातील एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र माझ्याजवळ होते, पण लिपिकाने ते उलटसुलट करून पाहिले आणि 'यावर जावक क्रमांक नाही' म्हणून परत केले. प्राध्यापकांनी महाविद्यालयाच्या कार्यालयातून क्रमांक आणि शिक्का घालून पत्र ईमेलने पाठवेपर्यंत उपग्रंथपाल बैठकीला गेले होते, आणि त्यांची सही मिळाली तेव्हा दुसऱ्या इमारतीतील रोखपालाची खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालेली होती. म्हणून पत्र प्राचार्यांच्या सहीचे, जावक क्रमांकाचे आणि प्रबंधाचे शीर्षक व दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदीतील क्रमांक) स्पष्ट लिहिलेले असावे. सोबत आधारची छायाप्रत आणि दोन छायाचित्रे ठेवावीत.

शुल्काबाबत माझे मत स्पष्ट आहे. दिवसाचे शंभर रुपये मी समजू शकतो. परंतु ज्याला एकही पुस्तक घरी नेता येत नाही, अशा वाचकाकडून दोन हजारांची अनामत घेणे आणि ती परत मिळवण्यासाठी पुन्हा अर्ज करायला लावणे याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. ही रक्कम आधी विचारून घ्यावी आणि पावती जपावी.

पुढचे वाचन सुरळीत झाले. प्रबंधाची झेरॉक्स मिळत नाही, छायाचित्रही काढू देत नाहीत, तेव्हा पेन्सिल, आखीव कागद आणि भिंग न्यावे. कार्बन प्रतीत ३ आणि ८ एकसारखे दिसतात. रुपये-आणे-पैच्या रकान्यात शंका आली, की तळाच्या बेरजेवरून आकडा पक्का करावा. साच्यावरच्या, म्हणजे गिरणीतल्या मागावरच्या, विणकराच्या मजुरीचा तक्ता अशा रीतीने पूर्ण उतरला, तेव्हा मला इतका आनंद झाला की एवढी दगदग सोसूनही मी प्रत्येकाला 'जरूर जा' म्हणेन.

नियतकालिकांच्या इलेक्ट्रॉनिक अंकांसाठी मात्र जाऊ नये. संशोधन नियतकालिके ऑनलाइन उपलब्ध करून देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि सुमारे १३,००० नियतकालिके तीत येतात. पण तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था यांच्यापुरता आहे. करदात्याच्या पैशातून घेतलेले वाचन करदात्यालाच बंद राहावे, हे मला अन्यायाचे वाटते. अनेक प्रकाशकांच्या करारांत ग्रंथालयात येऊन बसलेल्या वाचकाला तेथील संगणकावर अंक वाचू देण्याची मुभा असते, परंतु मी गेलो तेथे लॉगिन केवळ नोंदणीकृत विद्यार्थ्यांनाच होते. ती मुभा असल्याचे ग्रंथपालांकडून लेखी मिळाले, तरच निघावे.

लेखी उत्तर येत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करावा. सार्वजनिक विद्यापीठाला तो लागू आहे, आणि जनतेसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवला जात असेल, तर त्याच्या वेळा स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन कलम ४ मध्ये आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बाहेरील वाचकाची पात्रता, शुल्क, अनामत परतीची मुदत आणि संगणकाचा वापर यांविषयीच्या नियमांची प्रत मागावी. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून तिकीट काढण्याच्या दीड महिना आधी अर्ज टाकावा आणि आलेले उत्तर पत्रासोबत न्यावे.