सुंभ आणि पीळ

आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीच्या पडवीत टोल टांगलेला असे. आगगाडीच्या रुळाचा तो हातभर तुकडा, कोकणात रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी, कोणीतरी मुंबईहून आणून शाळेला दिला होता. 1988-89 साली मी आठवीत असताना तो टोल आमच्या हातच्या सुंभाने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दोरीने, बांधण्याचा मान आमच्या वर्गाला मिळाला आणि तिसऱ्याच आठवड्यात, भर प्रार्थनेच्या वेळी, तो खाली कोसळला. कोणाच्या पायावर पडला नाही, हे नशीब. आता छड्या खाव्या लागणार म्हणून आम्ही हात चोळत उभे राहिलो, पण कार्यानुभवाच्या सरांनी तुटलेली दोन्ही टोके उचलून आमच्यापुढे धरली आणि एवढेच सांगितले, ''कुठे तुटला ते बघून झाले. आता का तुटला ते शोधा.''

कार्यानुभव हा विषय त्या काळी सगळ्याच शाळांच्या वेळापत्रकात असे आणि बहुतेक ठिकाणी तो कागदाची फुले, शुभेच्छापत्रे आणि काड्यापेट्यांची घरे यांतच संपून जाई. आमच्या सरांना या फुलांचा मनस्वी कंटाळा होता. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले, त्या विचारावर सरांची श्रद्धा होती. मात्र कापूस न पिकणाऱ्या गावात मुलांच्या हाती सूत कातायची टकळी देण्यात अर्थ नाही, असे ते स्पष्ट म्हणत. ''गावात जे पिकते आणि गावात जे घडते, त्याच्याकडे जायचे,'' हा त्यांचा नियम. आमच्या गावात नारळ पिकत होता, आणि खाडीकाठच्या वाडीत सुंभ वळणारी एक आजी होती.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बारा जण तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसत असू. पहिले दोन शनिवार तिने आम्हांला काथ्याला हातही लावू दिला नाही. नुसते खाडीवर नेले. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड सालपटे, भरती-ओहोटीच्या पाण्यात, चिखलाखाली, वर झावळ्या आणि दगड ठेवून सहा-आठ महिने कुजत ठेवलेली असत. खारे पाणी आत-बाहेर खेळत राहते, सोडणातला गर सडून सुटतो, आणि मागे राहतो तो धागा कुजत नाही. म्हणून तर होड्यांच्या फळ्या शिवण्यापासून राहाटाचे लोटे बांधण्यापर्यंत, जिथे जिथे पाण्याशी गाठ तिथे तिथे हाच दोर लागे. हे सर्व विज्ञानाच्या तासाला कळले असतेच, पण त्या सोडणांचा वास तासाला आला नसता. तो वास सोमवारपर्यंत आमच्या हातांना येत राही आणि घरी जेवणाच्या पानावर त्यावरून बोलणी बसत.

सोडणे लाकडी मोगरीने बडवायची, धुवायची, वाळवायची, धागे पिंजायचे. मग दोन्ही तळव्यांत थोडा थोडा काथ्या घेऊन एकाच दिशेने वळत दोन पेड करायचे आणि ते दोन पेड एकमेकांवर उलट्या दिशेने पिळायचे. प्रत्येक पेड स्वतःचा पीळ उलगडायला बघतो, आणि त्या उलगडण्यानेच दुसऱ्याला घट्ट धरतो. एकदा हे डोक्यात शिरले की 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण, जी आम्ही निबंधात हट्टी माणसासाठी बेधडक वापरत होतो, तिच्यातले निरीक्षण किती बारीक आहे ते समजते. आजीने एकदा चुलीत सुंभाचा तुकडा टाकून आम्हांला राखेतला पीळ दाखवलाही होता. कोणीतरी फुंकर मारली आणि ते प्रात्यक्षिक तिथेच संपले.

टोलाचा सुंभ का तुटला, याचे उत्तरही तिच्याचकडे मिळाले. तुटलेले टोक तिने डोळ्यांजवळसुद्धा नेले नाही, नुसते बोटांत फिरवले आणि म्हणाली, ''संपाच्या आदी घाल रे झिला. संपल्यार घातलंस तर थयच तुटतला.'' हातातला काथ्या संपत आला की नवा काथ्या घालावा लागतो, पण तो जुना अजून शिल्लक असतानाच. आम्ही शेवटच्या धाग्यापर्यंत वाट बघत होतो आणि मग जोड देत होतो. जोड वरून जाड दिसे, म्हणून आम्हांला तोच भाग अधिक भक्कम वाटत असे.

सरांची आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती तेव्हा आम्हांला विचित्र वाटली होती. वर्षाअखेरीस आजीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे शाळेत ठरत होते. सर म्हणाले, सत्कार जरूर करा, पण आधी तिच्या प्रत्येक शनिवारचा अर्ध्या दिवसाचा रोज द्या. आम्हांला शिकवताना तिचा सुंभ वळायचा राहतो. तो रोज शाळेच्या जमाखर्चात 'शिक्षक मानधन' या सदरात दाखवावा, असाही त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला की नाही, हे आमच्या कानावर कधी आले नाही. पैसे मात्र तिला मिळाले, कारण ते पाकीट पोहोचवायला मीच गेलो होतो.

सगळेच इतके चांगले झाले, असे मात्र नाही. पुढच्या वर्षी सरांनी बुरूडकाम, म्हणजे बांबूचे विणकाम, घेतले. कामट्या सोलणे, सूप, रोवळी. आम्ही उत्साहात होतो. ज्या घरी जायचे होते, त्या घरचा मुलगा आमच्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर बसत असे. तो त्या शनिवारी शाळेत आला नाही आणि आम्ही खळ्यात शिरलो तेव्हा मागच्या दाराने निघून गेला. वडिलांचा धंदा वर्गासमोर मांडला जाणे म्हणजे आपली जात वर्गासमोर मांडली जाणे, हे त्याला चौदाव्या वर्षी पक्के कळत होते. आम्हांला कळत नव्हते, कारण कळण्याची गरजच पडली नव्हती. सरांनी पुढच्या आठवड्यापासून ठिकाण बदलून कामट्या शाळेतच आणल्या. काही महिन्यांनी तो आपणहून आला आणि माझ्या हातून कोयता काढून घेत म्हणाला, ''अशान बोट कापशीत.'' त्यानंतर आम्हांला त्याने शिकवले. तरी त्या पहिल्या शनिवारची बोच माझ्या मनातून गेलेली नाही. लोप पावणाऱ्या कलांविषयी हळहळणारी भाषणे ऐकताना मला हटकून ते मागचे दार आठवते. धंदा सोडून जाणाऱ्याची बाजू त्या भाषणांत सहसा नसते.

आमची सहलही याच मार्गाची. सावंतवाडीला चितारींच्या हाताखाली रंगणारी लाकडी फळे आणि गंजीफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहिले. दशावतारी गंजीफाचा जोड म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशे वीस गोल पाने, ही संख्या मला आजही तोंडपाठ आहे. पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत सांगायच्या कथा, आणि कळसूत्री बाहुल्या पाहिल्या. पुढे त्या कलांचे काही प्रमाणात भाग्य उघडले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, सावंतवाडीच्या गंजीफा आणि खेळण्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण जे भिंतीवर लावता येते, त्याचे कौतुक लवकर होते. सुंभ, रोवळी, तांब्या-पितळेच्या भांड्यांना दारात बसून नवसागर आणि कथलाची कल्हई लावणारा माणूस, यांना दिवाणखान्यात जागा नाही. ते गेले तेव्हा कोणाला फारसे जाणवलेही नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे म्हटले आहे. आमच्या सरांना ते वाचून बरे वाटले असते. माझ्या नातीच्या शाळेत, ती शाळा आमच्या गावची नव्हे, हे दहा दिवस दहा ठिकाणी वाटले गेले. कुंभाराकडे दीड तास, त्यात छायाचित्रांचा अर्धा. नातीला चाक फिरताना दिसले, माती तिच्या हाताला लागली नाही. माझ्या मते दहाही दिवस एकाच कारागिराकडे घालवावेत. पहिले पाच दिवस मूल काहीच करू शकणार नाही, सहाव्या दिवशी वाकडे-तिकडे करेल, आणि आपण करतो ते वाकडे का होते हा प्रश्न त्याला तेव्हाच पडेल.

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा पडवीत पाहिले. टोल तोच आहे, निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. परत आल्यावर बाजारातून पिंजलेला काथ्या मिळवला, जमिनीवर बसलो आणि तळवे सोलवटेपर्यंत वळत राहिलो. वावभर सुंभ झाला. नातीने तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि मधोमध एका जाड जागी बोट ठेवून विचारले, ''हे इथे असे का?'' तिथे मी काथ्या संपल्यावर घातला होता.