स्टॅग यांच्या मैदानावर

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीकडे शिकागोला गेलो असताना एक पूर्ण दिवस मी शिकागो विद्यापीठाच्या परिसरासाठी राखून ठेवला होता. 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया जिथे घडवून आणली, ती जागा पाहावी एवढाच मूळ हेतू होता. ती अणुभट्टी अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन धावण्याच्या आणि अंगावर झेपावून अडवण्याच्या खेळाच्या) एका मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली रचली होती, हे ठाऊक होते. मात्र त्या मैदानाला ज्यांचे नाव होते, ते फुटबॉल प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग मला तिकडे जाण्यापूर्वी थोडे वाचले तेव्हाच समजले, आणि मग अणुभट्टी बाजूला राहून तो माणूसच मनात घर करून बसला.

स्टॅग यांचा जन्म 1862 चा, न्यू जर्सीतला. धर्मोपदेशक व्हायचे म्हणून ते येल विद्यापीठात गेले आणि तिथे बेसबॉलचे नामांकित गोलंदाज झाले. तरीही व्यावसायिक संघांनी देऊ केलेला पैसा त्यांनी घेतला नाही. उपदेशासाठी लागणारे वक्तृत्व आपल्यापाशी नाही, हे ओळखून त्यांनी व्यासपीठाचा नाद सोडला आणि तरुण मुले घडवण्याचे तेच काम मैदानावरून करायचे ठरवले. येलमध्ये असताना त्यांनी गादीची गुंडाळी करून, फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला पाडतात तशी तिच्यावर झेप घेण्याचा सराव सुरू केला होता, हा तपशील मला विशेष आवडला.

1892 मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येलमधल्या आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि थेट प्राध्यापकाचा दर्जा दिला. खेळाच्या प्रशिक्षकाला असा मान मिळणे त्या काळी नवलाचेच होते. पहिल्या वर्षी खेळाडूंची इतकी वानवा होती की प्रशिक्षक स्वतःच संघातून खेळले. एकूण 41 मोसम ते तिथेच राहिले. पाच वर्षे कोणालाही हार न गेलेल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला 1905 मध्ये त्यांच्या संघाने 2-0 असे नमवले, तो विजय शिकागोत फार मोठा मानला जातो.

मेट्रा या लोकल गाडीतून उतरून 57व्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेलो, तेव्हा वाटेत बार्टलेट ही जुनी व्यायामशाळा लागली. आता तिथे विद्यार्थ्यांची खाणावळ आहे, पण प्रवेशदालनातील भिंतीवर मध्ययुगीन खेळांचे चित्र अजून आहे. जेवणाची ताटे घेऊन लगबगीने जाणाऱ्या मुलांमध्ये उभे राहून मी ते बराच वेळ पाहिले. पुढे मैदानाच्या जागी रेगेनस्टाइन ग्रंथालयाची राखाडी, बोजड इमारत उभी आहे आणि एलिस अव्हेन्यूच्या कडेला त्या अणुभट्टीच्या जागेवर शिल्पकार हेन्री मूर यांचे काशाचे शिल्प आहे. वरचा भाग कवटीसारखा गुळगुळीत, खाली खांबांसारखे आधार. त्या थंडगार धातूवर मी हात टेकवला. एके काळी सुमारे 50 हजार लोक जिथे ओरडत असत, तिथे त्या क्षणी केवळ पाचोळ्याचा आवाज होता.

सत्तरी गाठताच विद्यापीठाने स्टॅग यांना निवृत्त केले, आणि 1939 मध्ये फुटबॉलच बंद केला. मला तो निर्णय आजही कठोर वाटतो. स्टॅग मात्र स्वस्थ बसले नाहीत. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन त्यांनी पुन्हा संघ बांधला आणि 1943 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, ते देशातील वर्षाचे सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक ठरले. 1965 मध्ये स्टॉकटनलाच ते वारले, तेव्हा त्यांचे वय 102 होते.

शिकागोत फुटबॉल 1969 मध्ये अधिकृतपणे परतला. भाची म्हणाली, “मामा, नवे मैदान जवळच आहे, पाय दुखत नसतील तर जाऊ.” कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यूवरच्या त्या लहानशा मैदानालाही स्टॅग यांचेच नाव आहे. कुंपणाबाहेर उभे राहून आम्ही आत पाहिले. मुले रांगेने धावत येत होती आणि जाडजूड गादीच्या ठोकळ्यांवर एकामागून एक झेपावत होती. अंधार पडून शिट्टी होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.