फीडवॉटर नोझल आणि ताणाचे सहा घटक

अणुभट्टीचं वय वर्षांत मोजावं ते वकिलांनी. आम्ही स्ट्रेसवाले, म्हणजे धातूवरच्या ताणाचं गणित करणारे, ती किती वेळा तापली, किती वेळा निवली ते मोजतो. अमेरिकेत पहिला परवाना 40 वर्षांचा, नूतनीकरण झालं की 60. हा 40 चा आकडा धातूकडे बघून ठरलेला नाही, तो 1954 च्या कायद्यातला आर्थिक हिशेब. पण एकदा ठरल्यावर डिझाइनची सगळी गणितं त्याच मुदतीची झाली, म्हणून मुदत वाढवायची तर ती नव्याने मांडावी लागतात.

माझा आवडता भाग म्हणजे उकळत्या पाण्याच्या भट्टीचं फीडवॉटर नोझल, म्हणजे बाहेरचं पाणी भट्टीच्या भांड्यात शिरतं ते जाड तोंड. (तारापूरचे पहिले दोन संच याच जातीचे, त्यामुळे बोईसरचा मामेभाऊ मला हा विषय सोडू देत नाही.) भांड्यात पाणी सुमारे 285 अंशांवर, आणि भट्टी सुरू होताना बाहेरून येणारं पाणी त्याहून खूप थंड. नोझलची आतली कातडी आकसू बघते, मागचं जाड लोखंड तिला आकसू देत नाही. अशाने 1970 च्या दशकात कित्येक भट्ट्यांच्या नोझलना खरोखर तडे गेले होते.

हिशेब असा: तापण्या-निवण्याच्या प्रत्येक चक्रात धातूच्या आयुष्याचा थोडा अंश खर्च होतो, आणि सगळ्यांची बेरीज 1 च्या वर जाता कामा नये. धातू किती चक्रं सोसेल ते सांगणारे मूळ वक्र हवेतल्या चाचण्यांचे. गरम पाण्यात धातू लवकर थकतो, म्हणून त्या बेरजेला आणखी एक गुणक. तिथेच पुष्कळांचा आकडा 1 ओलांडतो आणि गणित बारकाईने करायची वेळ येते.

त्यावरची पळवाट म्हणजे ग्रीनचं फलन. तापमानाची एकच पायरी देऊन ताण वेळेनुसार कसा बदलतो ते एकदा काढून ठेवायचं, मग कुठलाही बदल अशा छोट्या पायऱ्यांची बेरीज. पद्धत सुरेखच आहे. पण एका बिंदूवर ताणाचे सहा घटक असतात (तीन सरळ ओढ-दाबाचे, तीन कातरीचे) आणि काहींनी त्यातला एकच धरला. सरळ नळीत ते चालून जातं. नोझलच्या आतल्या बाजूला नाही.

अमेरिकेतल्या व्हर्माँट यँकी या भट्टीच्या परवाना-नूतनीकरणात 2008 साली यावरून रीतसर वाद झाला. सुनावणी मंडळाने दोन नोझलांचं सोपं गणित अपुरं ठरवलं, आणि डिसेंबरात एनआरसीने, म्हणजे तिथल्या अणुनियामक आयोगाने, याच पद्धतीबद्दल सगळ्या संयंत्रांना पत्रक काढलं. तपशीलवार गणिताशी ताडून पाहता एका फीडवॉटर नोझलच्या आत सोप्या पद्धतीचं उत्तर सुरक्षित बाजूला नव्हतं, असं त्यात होतं. आमच्या धंद्यातले बरेच जण याला कागदी छळ म्हणत. मला ते पटलं नाही. कुठला घटक ठेवायचा, हा निर्णय विश्लेषकाच्या डोक्यात राहतो. तपासणाऱ्याला कागदावर नुसता आकडा दिसतो.

व्हर्माँट यँकीला 2011 मध्ये 20 वर्षं वाढवून मिळाली. 2014 च्या डिसेंबरात ती बंदही झाली. नोझलमुळे नव्हे, स्वस्त नैसर्गिक वायूपुढे परवडेना म्हणून.

आता 60 वरून 80 चे अर्ज येतात. अहवाल हातात आला की निष्कर्षाचं पान मी मागाहून बघते. आधी सहाच्या सहा घटक आहेत का ते.