पित्त, आमसूल आणि एक गोळी

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता डावा हात खाजायला लागला. पाहते तर कोपरापासून मनगटापर्यंत गांधी उठलेल्या. कडेने लाल, मध्ये पांढुरक्या, हात लावला तर गरम. तासाभरात पोट, मांड्या, पाठ. सासूबाईंनी चष्मा वर करून एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "पित्त उठलंय. थांब, आमसुलं भिजत घालते."

आमसुलाचं गार पाणी अंगाला चोळलं की पाच मिनिटं बरं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर गांधी दोन-चार तासांत आपोआप जायच्याही. त्यामुळे श्रेय आमसुलाला मिळत गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे उठायच्या.

या 'पित्त' शब्दाने मला फार फिरवलं. आपल्याकडे आंबट ढेकर येते ते पित्त, डोकं दुखून उलटी होते ते पित्त आणि अंगावर उठतं तेही पित्तच. मग मी काय करणार? फ्रीजमधली ॲसिडिटीच्या पातळ औषधाची बाटली काढली आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे सुरू केले. चहा बंद, वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. साताऱ्यात राहून कूट बंद म्हणजे काय, ते इकडच्यांनाच कळेल. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते हे इथेच कबूल करून टाकते. नववीच्या मुलाने असा तर्क लढवला असता तर त्याला मी उभं केलं असतं.

फेब्रुवारीत शाळेजवळच्या मेडिकलमध्ये गेले. "बाई, ॲलर्जी आहे, ही घ्या, सकाळी एक रात्री एक," म्हणत त्या मुलाने कात्रीने पट्टीचा तुकडा कापून हातात दिला. बारीक, स्वस्त गोळ्या. नाव अर्धं कापलं गेलेलं, मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली. नंतर कळलं की ते क्लोरफेनिरामाइन होतं, ४ मिलिग्रॅमचं. जुन्या पिढीतलं औषध. खाज मात्र थांबली, अगदी पहिल्याच रात्री. झोपही अशी लागली की दूधवाल्याने तीनदा बेल वाजवली तरी कळलं नाही.

मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले. विज्ञान, ४० गुण, रोजचा ठरलेला गठ्ठा. मला पेंग येत नव्हती, हे मुद्दाम सांगते. सकाळची चक्कर मारून यायचे, स्कूटीवर शाळेत जायचे, आपलं सगळं ठीक चाललंय असंच वाटत होतं. आणि नियामकांकडून, म्हणजे आम्ही तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्यांकडून, गठ्ठा परत आला. सहा पेपरांत बेरजेच्या चुका. एका मुलाचे ३१ मी २१ लिहिले होते. बावीस वर्षांच्या नोकरीत बेरीज चुकली म्हणून माझा गठ्ठा कधी परत आला नव्हता. नियामक सर माझ्याहून लहान, बोलले काही नाहीत, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा त्या गोळीबद्दल नीट वाचलं. ही जुनी औषधं मेंदूत शिरतात. माणसाला झोप आल्यासारखं वाटो न वाटो, लक्ष आणि हालचालीचा वेग मंदावतोच. शिवाय मोठ्या माणसाच्या शरीरात क्लोरफेनिरामाइन इतकं रेंगाळतं की रात्रीची गोळी सकाळी उतरलेली नसते. म्हणजे मी रोज अर्धवट गुंगीत हायवे ओलांडत होते.

मार्चअखेर त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या. मला वाटलं, हात बघतील आणि चिठ्ठी देतील. त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. किती आठवडे झाले? (आठ. सहा आठवड्यांवर गेलं की त्याला जुनाट म्हणतात.) एक गांध एका जागी किती वेळ राहते? ओठ, पापण्या सुजतात का? बीपीची गोळी कोणती? काही बीपीच्या गोळ्यांनीच चेहरा सुजतो म्हणे. डोकेदुखीला काय घेता? काचबिंदू? मूत्रपिंडाचा त्रास? लघवी साफ होते? पाळी? गाडी कोण चालवतं? आणि मग, "मिस्टर घेतात का ते नाही विचारत, तुम्ही घेता का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. दारू आणि गुंगी आणणारी गोळी एकत्र आली की काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

एक गांध किती वेळ राहते, हे मला सांगताच येईना. त्यांनी माझ्याच पर्समधलं लाल पेन घेतलं आणि दंडावरच्या एका गांधीभोवती गोल काढला. "उद्या याच वेळी बघा. गोलात अजून आहे की गेली? चोवीस तासांच्या पुढे राहिली, किंवा जाताना काळानिळा डाग ठेवला, तर लगेच या." मग एका बोथट काडीने पाठीवर रेघ ओढली. चार-पाच मिनिटांनी आरशात दाखवली, तर रेघ फळ्यावर खडूने ओढल्यासारखी वर आलेली.

मी सोबत एका लॅबची जाहिरात नेली होती. शंभर-दोनशे पदार्थांची ॲलर्जी तपासणी, सवलतीत. त्यांनी ती घडी घालून माझ्या हातात परत दिली. माझ्यासारख्या रोज उठणाऱ्या जुनाट गांधींमागे बहुतेक वेळा एखादा पदार्थ नसतोच, शरीराचीच यंत्रणा बिथरलेली असते, असं त्यांचं म्हणणं. साधं रक्त आणि थायरॉइड, एवढंच तपासलं. दोन्ही ठीक आलं. कूट सुरू करा म्हणाल्या, त्या क्षणी मी त्यांची भक्त झाले. एक गोष्ट मात्र खरंच बंद केली. अंगदुखीला मी घेत असलेली आयबुप्रोफेन. त्या जातीच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन बऱ्याच जणांच्या गांधी भडकवतात.

चिठ्ठीवर आलं फेक्सोफेनाडिन, ॲलर्जीचंच पण नव्या पिढीतलं औषध, १८० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. "उठल्यावर घ्यायची नाही, उठू नये म्हणून घ्यायची," असं बजावून सांगितलं. हे मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर वर्गात मुलांना सांगताना उदाहरण सुचलं. एसटी फलाटाला लागते तेव्हा आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. ही गोळी तसा रुमाल टाकते. पेशींमधून हिस्टामाइन, म्हणजे खाज आणि सूज आणणारं रसायन, सुटायचं थांबत नाही, ते येतंच, पण त्याची जागा आधीच धरलेली असते. ते एकदा बसलं की मग रुमाल टाकून फारसा उपयोग नाही. मुलं हसली, पण त्या चाचणीत सगळ्यांनी हे बरोबर लिहिलं.

आता माझी मुख्य चूक. गोळी सुरू होऊन बारा दिवस झाले तरी फरक पडेना. मी आपल्या मनाने दोन घ्यायला लागले. चार दिवस. तरीही नाही. फोन केला तर डॉक्टरांनी ओरडायच्या आधी एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

माझी सकाळ अशी होती: गोळी तोंडात, वर खोक्यातल्या संत्र्याच्या रसाचा घोट (ह्यांनी 'सी' जीवनसत्त्वासाठी आणून ठेवलेला) आणि लगेच ॲसिडिटीच्या औषधाचे दोन चमचे. कारण दोन्ही पित्ताचीच औषधं ना!

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी सांगितलं ते असं. फेक्सोफेनाडिन आतड्यातून रक्तात जायला ज्या वाहकांचा आधार घेतं, ते संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने अडतात. आणि ॲसिडिटीच्या त्या पातळ औषधात ॲल्युमिनिअम आणि मॅग्नेशिअम असतं. ते सोबत घेतलं तर गोळीचा सुमारे चाळीस टक्के भाग शरीराला मिळतच नाही. म्हणजे मी रोज गोळी घेत होते आणि रोज तिची वाट अडवत होते. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि ॲसिडिटीचं औषध लागलंच तर दोन तास सोडून. मला ते मुळात लागतच नव्हतं. अंगावरच्या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी काही संबंध नाही, हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं.

पाणी-गोळी सुरू केल्यावर आठवड्यात निम्म्याहून जास्त फरक पडला. उरलेल्यासाठी त्यांनी डोस दिवसाला दोन केला. या आजारात तज्ज्ञ नेहमीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतात, पण ते माणूस बघून, मूत्रपिंड बघून. म्हणजे मी चार दिवस आपल्या मनाने केलं तेच त्यांनी केलं, मग फरक काय, असा वाद मी मनात घातला. फरक असा की, त्यांना माझं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) माहीत होतं, मला नव्हतं.

याच औषधाच्या वंशावळीत एक जुना किस्सा आहे. फेक्सोफेनाडिन हा टर्फेनाडिनचा शरीरात होणारा बदललेला अवतार. टर्फेनाडिन झोप आणत नाही म्हणून गाजलं होतं. पण एरिथ्रोमायसिन (जंतुसंसर्गावरचं) किंवा कीटोकोनॅझोल (बुरशीवरचं) या औषधांसोबत ते घेतलं की रक्तात साचायचं आणि हृदयाचा ठेका बिघडवायचं. भारतात २००३ मध्ये त्यावर बंदी आली. मला बरं वाटलं, सोबतीच्या चुका मी एकटीनेच केलेल्या नाहीत.

मे महिन्यात घरात दुसरंच घडलं. सासऱ्यांना सर्दी झाली. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, प्रोस्टेट वाढलेलं. दुकानातली सर्दीची गोळी घेतली आणि अंग खाजतंय म्हणून बिस्किटांच्या डब्यातली माझी ती उरलेली कापलेली पट्टीही. सर्दीच्या त्या गोळीतही क्लोरफेनिरामाइन होतंच, म्हणजे डबल. आणि प्रोस्टेट वाढलेलं असताना हे औषध लघवी अडवू शकतं. पहाटे चारला त्यांनी ह्यांना उठवलं, "अरे, लघवी होईना." पोट टम्म, माणूस घामाघूम. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे सुटले. नाव अर्धं कापलेली ती पट्टी मी का जपून ठेवली होती, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवशी डबा रिकामा केला. आता घरात प्रत्येकाची गोळी ज्याच्या त्याच्या पिशवीत असते आणि पट्टी कापून दिली तर मी घेत नाही.

आमच्या ह्यांचं वेगळंच. गाजरगवत फुललं की शिंका, म्हणून कित्येक वर्षं रोज रात्री सेटिरिझिन. माझं बघून स्फुरण चढलं आणि एका दिवसात गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी तळहात-तळपाय असे खाजायला लागले की भिंतीला घासत होते. त्यांना वाटलं, माझं त्यांना लागलं! त्याच मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, इशारा दिला होता की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबवलं तर क्वचित अशी तीव्र खाज सुटते. जगभरातली २०९ प्रकरणं त्यांनी मोजली होती. माझ्याच डॉक्टरांनी त्यांना गोळी परत सुरू करून दीड-दोन महिन्यांत हळूहळू कमी करून दिली.

मला भीती वाटली ती एकदाच. जूनमध्ये एका रात्री वरचा ओठ सुजला. आरशात पाहिलं तर दुसरीच कोणी बाई. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं आठवलं: नुसता ओठ असेल तर मला फोन, पण आवाज बदलला, गिळता येईना, दम लागला, चक्कर आली, तर मला नाही, १०८ ला. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ॲलर्जीची गोळी ते काम करत नाही, जास्त खाल्ली तरीही नाही. मी रात्रभर पलंगावर बसून दर थोड्या वेळाने "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणून आवाज तपासत होते. सासूबाई शेजारी बसून होत्या. सकाळी सूज उतरली.

ऑगस्टपासून अंगावर उठणं जवळजवळ थांबलं. तीन महिने कोरडे गेल्यावर डॉक्टरांनी दोनची एक केली. यंदा फेब्रुवारीत एका दिवसाआड आणि आता पुढच्या भेटीत थांबवायचं की नाही ते ठरेल. वहीत तारखा लिहिते. गेल्या चौदा दिवसांत फक्त एक छोटी गांध, दंडावर. सवयीने लाल पेनाने गोल काढला. संध्याकाळी गोल तेवढा उरला होता आणि त्यावर वर्गातल्या एका पोराने विचारलं, "बाई, तुमचा किती पैकी किती?"

सासूबाईंनी परवा तो गोल पाहिला आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "आमसुलं भिजत घालू का गं?"

"घाला आई," मी म्हटलं, "आज आमटीला लागणारच आहेत."