बी मला पाठवू नका, तिकडेच वाटा

इथल्या, अमेरिकेतल्या, बियांच्या अदलाबदलीचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि शहादा, दोंडाईचा, नंदुरबार, सगळीकडून एकच विचारणा सुरू झाली. आपली गावठी मिरची पाठवू का? अमक्याचा मुलगा येतोय, त्याच्या बॅगेत पुडी टाकतो.

नका टाकू. अमेरिकेत पेरणीचं बी आणायचं तर रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, थोडक्या बियांसाठी वेगळा परवाना असतो, आणि २०१९ पासून टोमॅटो-मिरचीच्या बियांवर एका विषाणूमुळे जास्तच कडक नजर आहे. त्यात २०२० च्या उन्हाळ्यात इथे कित्येकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं टपालाने येऊन पडली होती. तेव्हापासून अनोळखी बी म्हटलं की लोक आधी दोन पावलं मागे सरतात. विमानतळावर शेव आणि काळा मसाला समजावून सांगताना माझी जी तारांबळ उडते, तेवढी पुरे आहे.

तर अदलाबदल कशी चालते ते सांगते. मी राहते पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय कोपऱ्यात. इथे मे उजाडला तरी रात्री दहिवर गोठायची भीती असते, म्हणून मिरचीचं रोप मार्चमध्ये घरातच टाकतात, ट्रेखाली गरम होणारी चटई घालून. माती सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची ऊब धरत नाही तोवर मिरची उगवायचं नाव घेत नाही. त्यामुळे बियांची देवघेव भर थंडीत, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारच्या आसपास होते. बाहेर गुडघाभर बर्फ, आत लायब्ररीच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं आणि त्यावर पुड्याच पुड्या. पैशाचा व्यवहार नाही. आणलेलं ठेवा, हवं ते घ्या.

सगळं अडतं ते पुडीवरच्या मजकुरावर. नुसतं ‘तिखट मिरची’ लिहिलेली पुडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते. नाव काय, कुठल्या घरातली, बी कोणत्या साली धरलं, शेजारी दुसरी मिरची होती का, फुलं झाकली होती का, हे सगळं लागतं. मुलीचं स्थळ बघताना आपल्याकडे जेवढी चौकशी होते, त्यापेक्षा कमी नाही.

माझ्या वाट्याला पहिल्यांदा आली ती फिश पेपर. बाल्टिमोर आणि चेसापीक उपसागराच्या भागातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी जपलेली मिरची. तिच्या हिरव्या पानांवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे पट्टे असतात. कोवळी मिरची दुधाळ, त्यावर हिरव्या रेघा. पुढे नारिंगी होते, रेघा तपकिरी होतात, आणि शेवटी पूर्ण लाल. मासे, कालवं यांच्या पांढऱ्या सॉसमध्ये ती कोवळी असतानाच घालायचे, म्हणजे तिखटपणा येतो आणि सॉसचा रंग बिघडत नाही.

ही मिरची आज आहे ती एका सौद्यामुळे. होरेस पिपिन हे इथल्याच वेस्ट चेस्टरचे नामांकित चित्रकार. पहिल्या महायुद्धात त्यांच्या उजव्या खांद्याला गोळी लागली आणि तो हात कायमचा अधू झाला. दुखण्यावर उतारा म्हणून ते मधमाश्यांचा डंख घ्यायचे. माश्या होत्या राल्फ वीव्हर यांच्याकडे. मोबदल्यात पिपिननी १९४० च्या दशकात त्यांना मिरच्यांचं बी दिलं. वीव्हर गेल्यावर बरीच वर्षं ते बी बेबीफूडच्या बाटलीत, फ्रीझरमध्ये पडून होतं. नातू विल्यम वॉइस वीव्हर यांना ते सापडलं आणि १९९५ मध्ये त्यांनी ते सीड सेव्हर्स एक्स्चेंज या जुनी बियाणी जपणाऱ्या संस्थेमार्फत सगळ्यांना खुलं केलं. डंखाच्या बदल्यात मिरची! नंदुरबारच्या एखाद्या अडत्याला हा सौदा सांगून बघा.

(ती संस्था १९७५ ची. तीही संस्थापिकेला तिच्या आजोबांनी दिलेल्या बियांवरूनच सुरू झाली.)

बी धरणं अवघड नाही, पण निगुतीचं आहे. मिरचीचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, तरी माश्या-भुंगे मध्ये लुडबुड करतातच. म्हणून इथले लोक कळ्या असतानाच फांदीवर जाळीदार कापडाची पिशवी बांधतात, लग्नात बदाम-बडीशेप घालून देतात ना, तसली. फळ धरलं की पिशवी काढायची आणि त्या फांदीला दोरा बांधून ठेवायचा. ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते असं आपल्याकडे म्हणतात, ते खरं नाही. तिखटपणा बियांभोवतीच्या पांढऱ्या गरात असतो आणि तो गर आईच्या झाडाचा. संकर झालाच तर तो त्या बियांपासून आलेल्या पुढच्या वर्षीच्या झाडात दिसतो. झाडावरच पूर्ण लाल झालेली मिरची घ्यायची, एकाच नाही, चार-सहा निरोगी झाडांची. चिरून बी कागदावर पसरायचं, काळपट दिसेल ते टाकायचं, सावलीत वाळवायचं. वाकवल्यावर बी कट्कन मोडलं की वाळलं.

हे सगळं बघताना मला सारख्या नंदुरबारच्या पथाऱ्या आठवतात. दिवाळीच्या सुमाराला गावाबाहेर नजर पोचेल तिथपर्यंत ओली लाल मिरची पसरलेली, बाया देठ खुडताहेत, आणि आभाळ भरून आलं की व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा. पण त्या ढिगात घरचं बी किती? बहुतेक सगळी हायब्रीड. शेतकऱ्याला बोल लावायचा नाही. पानं आखडवणाऱ्या चुरडामुरडा रोगाने शेत बसलेलं ज्याने बघितलंय तो जास्त उत्पन्न देणारं बियाणंच घेणार. ते बी मात्र धरता येत नाही, पुढच्या वर्षी वाफ्यात चार तऱ्हांची झाडं उभी राहतात. जुनी मिरची उरलीय ती परसदारात, मोरीच्या पाण्यावर.

दोंडाईच्याच्या आत्याकडे अशी एक आहे. आभाळाकडे तोंड करून लागते, बोटाच्या पेराएवढी, भरताला भाजून घेतली की दोन पुरतात. मी फोनवर विचारलं, आत्या, ही मिरची मूळची कोणाची? “कोणनी म्हणजे? मनीच शे!” बराच वेळ खोदल्यावर कळलं, सासूच्या माहेराहून, तळोद्याहून आलेली. हे तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

म्हणून म्हणते, मला पाठवू नका. आपसात वाटा. कायद्याचीही आडकाठी नाही, उलट २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय; फक्त ब्रँड लावून विकायचं नाही.

आत्याला मी सुचवलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या लुटा. तेव्हा मिरची लालही असते. ती म्हणाली, नुसती पुडी दिली तर बाया मला चिंगूस म्हणतील. त्यामुळे वाटी स्टीलचीच राहणार, पुडी आत. पुडीवर ‘तळोदा’ लिहायला मात्र ती तयार नाही. दोंडाईचाच लिहायचं म्हणते, इतकी वर्षं पाणी तिने घातलंय.